साक्षीनंतरचं जेवण

लग्न होऊन आठवडाही झाला नसेल. दुपारी दोनच्या सुमारास तीन अनोळखी माणसं आमच्या ओसरीत येऊन बसली. धोतरावर धूळ, पायात टायरच्या चपला. नवऱ्यानं आत येऊन सांगितलं, "तिघाईचं ताट वाढ." मी विचारलं, कुठले पाहुणे? "पाहुने नाई, साक्षीदार हायेत." मी नवी नवरी, उलट विचारायची सोय नव्हती. मुकाट्यानं वाढलं. मनात म्हटलं, बाई गं, वकिलाशी लग्न लागलं की खानावळीशी?

पुढे चाळीस वर्षं वाढतच राहिले. नवऱ्याचं नाव घ्यायची मला सवय नाही. मी त्यांना 'हे' म्हणते, हिंगणघाटचं सगळं कोर्ट 'वकीलसाहेब' म्हणायचं, आणि आता ते नसतानाही मी 'हे'च म्हणते. तर यांचा एक नियम होता. साक्षीआधी पाणी, साक्षीनंतर जेवण. खेड्यावरची माणसं पहाटेच्या एसटीनं यायची, पुकारा होईपर्यंत कोर्टाच्या व्हरांड्यात उपाशी बसायची. मी म्हणायचे, अहो, सकाळीच दोन घास खाऊ घाला ना त्यांना. त्यावर यांचं ठरलेलं उत्तर, "आधी खाऊ घातलं त पोट आपल्या बाजूनं बोलते." साक्ष झाली की मग मात्र कितीही वाजले तरी घरी आणायचे. बाईमाणूस असलं तर आधी विचारायचे, "संगं कोनी हाये काय?" कोणी नसलं तर जेवण झाल्यावर तिला स्टँडवर बसमध्ये बसवून द्यायचं काम माझं. किती बायांना असं बसवून दिलं, त्याचा काही हिशोब नाही.

दुसरा नियम त्याहून विचित्र. हे साक्षीदाराला पढवत नसत. पढवणं म्हणजे काय ते कोर्टाची पायरी चढलेल्या कोणालाही विचारा. वकील आदल्या दिवशी बसवून प्रश्न विचारतो, उत्तरं घोटून घेतो, 'अमुक विचारलं तर तमुक सांग' म्हणतो. सगळेच थोडंफार करतात, त्यात कोणाला काही वावगं वाटत नाही. हे डोळे मिटून साक्षीदाराचं सगळं ऐकून घ्यायचे, एकदाच, आणि शेवटी म्हणायचे, "आठवते तेवढं सांगजो. नाई आठवत त नाई आठवत म्हनजो. त्याच्यात लाज नाई." झालं. एवढीच तयारी. यापायी हे कित्येक केसेस हरले असतील. एकदा न राहवून मी म्हटलं, "अहो, निदान तारीख तरी पाठ करून द्या त्याला." तर म्हणाले, "पाठ केलेली तारीख उलटतपासणीत पयून जाते."

आता गंमत बघा. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तरीण. माझा सगळा जन्म पाठांतरात गेला. पाढे, कविता, नद्यांची नावं, सगळं घोकून घेतल्याशिवाय पोरांना सोडत नसे. आणि घरी हा माणूस, ज्याला घोकलेल्या गोष्टीचा वासही सहन होत नाही. आमच्या संसारात भांडणं झाली ती बहुतेक याच एका बांधावर.

माणूस खरेपणाचं प्रवचन देणारा नव्हता, हे सांगितलं पाहिजे. यांचे वडील जिनिंगमध्ये कापूस दाबायचे, आणि आमच्या वस्तीतून काळा कोट घालणारे हे पहिले. संध्याकाळी वंदना घ्यायचे, पंचशील म्हणायचे, पण मुलांना कधी बसवून उपदेश केला नाही. मुलगा सातवीत असताना यांना म्हणाला, "बाबा, खोटं बोलायचं नाई ते चौथं शील वकिलाले चालते काय?" हे इतके हसले की ठसका लागला. म्हणाले, "चालते ना. हळूहळू चालते." मुलीच्या वेण्या हेच घालायचे, कारण माझी शाळा सकाळची. एक वेणी कानावर, एक मानेवर. पोरगी तशीच शाळेत जायची आणि कोणी हसलं तर सांगायची, वकिलानं घातल्या आहेत. हिवाळ्यात अंगणात काड्या पेटवून वांगी भाजायची, भरीत करायचं, शेजारच्या चार घरी वाटी पाठवायची, हा यांचा मोठा सण. कोर्टातली जीत यांनी कधी साजरी केली नाही. भरीत जमलं की मात्र दोन दिवस सांगत फिरायचे.

कोर्ट घरात शिरायचं ते एका प्रश्नानं. बरणी फुटली, कोणी फोडली? मुलगा म्हणायचा, ताईनं. हे विचारायचे, "तुले माहीत हाये का तुले वाटते?" आज पोरगा पुण्याला आहे, पोरगी नागपूरला. मी फोनवर म्हटलं की अमकी फार आजारी आहे म्हणे, तर दोघंही विचारतात, "आई, तुला माहीत आहे की वाटतं?" असा राग येतो! बाप गेला, पण उलटतपासणी ठेवून गेला.

विसरणं सुरू झालं ते एका रविवारी. सकाळी कोट घालून कोर्टात गेले, बंद फाटक पाहून परत आले आणि स्वतःवरच हसले. पुढे एकदा युक्तिवाद करताना अर्ध्या वाक्यात थांबले. पुढचं वाक्य आलंच नाही. त्या दिवशी घरी येऊन पंधरा मिनिटं पायरीवर बसले होते. मग म्हणाले, "ज्याची केस मलेच आठवत नाई, त्याची मी कशी लढू?" पंधरवड्यात सगळ्या फायली ज्याच्या त्याला परत केल्या. सेवाग्रामच्या दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, आज वार कोणता? "आठवत नाई." महिना? "आठवत नाई." इतक्या मोकळेपणानं सांगत होते की डॉक्टर माझ्याकडे बघायला लागले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. यांना काहीच नाही. त्याच्यात लाज नाही असं जगाला सांगितलं होतं ना, ते स्वतःही खरं मानत होते.

अशात समन्स आलं. यांच्या नावानं, साक्षीदार म्हणून.

गोष्ट जुनी होती. गिरणीतून रिटायर झालेला एक फिटर, बिनलग्नाचा म्हातारा. त्याच्या गल्लीत एक विधवा बाई गिरणी कामगारांसाठी मेस चालवायची. तो तिच्याकडे जेवायचा. गिरणी बंद पडली, कामगार पांगले, मेसही बसली, पण म्हाताऱ्याचं जेवण काही बंद झालं नाही. शेवटी शेवटी तर त्याची आंघोळ, औषधपाणी सगळं ती करायची. लोक बोलायचे ते बोलायचे. तिनं कान दिला नाही. म्हाताऱ्यानं आपल्या दोन खोल्या मृत्युपत्र करून तिला दिल्या. ते मृत्युपत्र यांनी लिहिलं होतं, आमच्याच ओसरीत सही झाली होती, आणि साक्षीदार म्हणून खाली दोन सह्या होत्या, एक यांची, एक यांच्या कारकुनाची. म्हातारा वारला तसा नागपूरहून पुतण्या उगवला. जिवंतपणी त्याचं तोंड कोणी पाहिलं नव्हतं. त्यानं दावा ठोकला की मृत्युपत्र खोटं आहे, बाईनं मागाहून बनवलं आहे, खोल्या खाली करा.

कारकून केव्हाच वारला होता. बाईची केस आता यांचाच जुना ज्युनिअर लढत होता. तो घरी आला, चहा घेतला नाही, खाली मान घालून म्हणाला, "काकू, मृत्युपत्र सिद्ध करायला सही होताना पाहणारा साक्षीदार लागतो. आता सर एकटेच उरलेत. सरांना आठवलं नाही तर अवघड आहे."

आणि ती मेसवाली. ती रोज यायची. कधी आत आली नाही, पायरीवर बसायची. यांच्यासाठी जवसाची चटणी आणायची, कारण यांना आवडते हे तिला ठाऊक होतं. एक दिवस म्हणाली, "बाई, मले काई हवेली नाई पायजे. पन ते दोन खोल्या गेल्या त मी या वयात चूल कोठी मांडू?" तिचं वय माझ्याएवढंच असेल.

तेव्हा मी ते केलं, जे यांनी जन्मात केलं नव्हतं. मी यांना पढवलं.

सहीचा तो दिवस मला चांगला आठवत होता, म्हणून तर शिकवू शकले. ज्युनिअरकडून मृत्युपत्राची झेरॉक्स मागून घेतली, मुख्य मुद्दे काढले, आणि रोज सकाळी पोहे झाल्यावर यांच्यासमोर बसायचं. आधी सही कोणी केली? म्हाताऱ्यानं. तेव्हा तुम्ही कुठे होता? समोरच्या खुर्चीवर. त्यानं मजकूर वाचला होता का? मी मोठ्यानं दोनदा वाचून दाखवला, त्याला कमी ऐकू यायचं. मग सही कोणी केली? मी, आणि मग कारकुनानं. पहिल्या दिवशी यांनी विचारलं, "हे काऊन विचारून राह्यली वं?" मी म्हटलं, उजळणी. "कशाची?" म्हटलं, आपल्याच आठवणींची. खोटं बोलले.

चौथ्या दिवसापासून एकही चूक नाही. सहाव्या दिवशी तर मी प्रश्न अर्धा विचारायचे आणि हे पूर्ण उत्तर द्यायचे. माझ्या तोंडून 'शाब्बास' निघून जायचं, शाळेतल्यासारखं, आणि यांचा चेहरा फुलायचा. खरं सांगते, मला फार आनंद व्हायचा. त्या बाईच्या खोल्यांचा नव्हे. कित्येक महिन्यांनी हा माणूस विचारलेल्या प्रश्नाला नीट उत्तर देत होता, त्याचा. मला हाव सुटली होती. आठ दिवसांनी माझी खात्रीच झाली की आता काही काळजी नाही.

साक्षीच्या दिवशी मी कोट काढून ठेवला, पांढरे बँड धुऊन इस्त्री केले. यांनी हात लावला नाही. म्हणाले, "साक्षीदाराले कोट कायले?" आणि सकाळचे पोहेही खाल्ले नाहीत. मी आग्रह केला तर म्हणाले, "आधी पानी." मी पाणी दिलं.

हल्ली साक्षीदाराचं म्हणणं शपथपत्रावरच लिहून देतात, पण समन्स काढून बोलावलेल्याचं तोंडी घेतात. न्यायाधीश तरुण मॅडम होत्या. त्यांनी यांच्यासाठी पिंजऱ्याजवळ खुर्ची ठेवायला सांगितली आणि मला बाजूला थांबू दिलं. हे खुर्चीवर बसले नाहीत. पिंजऱ्यात चढून उभ्यानं शपथ घेतली. कोर्टातले सगळे वकील आपापली कामं सोडून मागे येऊन उभे राहिले होते. अस्सल मृत्युपत्र यांच्या हातात दिलं. ज्युनिअरनं विचारलं, "या कागदावर तुमची सही आहे का?"

"आहे."

"मृत्युपत्र करणाऱ्यानं तुमच्यासमोर सही केली का?"

हे कागदाकडे बघत राहिले. मी मनातल्या मनात उत्तर म्हणत होते. समोरच्या खुर्चीवर, समोरच्या खुर्चीवर. मग यांनी मान वर केली आणि मॅडमकडे बघून म्हणाले, "मॅडम, याचं उत्तर मला येतं. पण ते मला घरी शिकवलेलं आहे. मला स्वतःला आठवत नाही."

पुतण्याचा वकील ताडकन उठला. कोणी शिकवलं? यांनी माझ्याकडे हात केला. "हिनं. मास्तरीन हाये. चांगलं शिकवते."

मागे हशा पिकला. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं मला झालं. मॅडमनी विचारलं, मग तुम्हाला नक्की काय सांगायचं आहे? हे म्हणाले, "सही माझी आहे. दुसऱ्याची सही डोळ्यानं पाहिल्याशिवाय मी साक्षीदार म्हणून सही करत नव्हतो, ही माझी सवय. पण त्या दिवशी पाहिली हे मला आठवतं असं मी म्हणणार नाही." आणि खाली उतरले.

त्या दिवशी मी यांच्यावर जितकी संतापले तितकी आयुष्यात कोणावर संतापले नव्हते. घरी आल्यावर भांडी आपटली. मनात येत होतं, अरे माणसा, चाळीस वर्षं मी तुझ्या साक्षीदारांना वाढलं, एकदा माझ्यासाठी बोलला असतास! संध्याकाळी हे स्वयंपाकघरात येऊन म्हणाले, "आज कायचा राग आला वं तुले?" खरोखर विचारत होते. काही आठवतच नव्हतं. ज्याला भांडण आठवत नाही त्याच्याशी भांडायचं तरी कसं? मी चुलीसमोर उभी राहून रडले, आणि हे माझ्या पाठीवर हात ठेवून उभे राहिले. कशासाठी ते त्यांनाही ठाऊक नव्हतं.

मेसवाली दुसऱ्या दिवशी आली. मला वाटलं, आता शिव्याशाप देईल. हात दाखवून अवलक्षण मीच केलं होतं ना. ती पायरीवर बसली, चटणीची डबी पुढे केली आणि म्हणाली, "सायबाले खोटं बोलनं जमलंच नसतं बाई. तुमीबी उगाच तरास घेतला."

दोन दिवसांनी ज्युनिअर आला. मी तोंड लपवत होते, पण तो जरा हुशारीत दिसत होता. म्हणाला, "काकू, सर खोटं बोलले असते आणि उलटतपासणीत कोलमडले असते, तर सगळंच गेलं असतं. आता सरांना आठवत नाही, हे रेकॉर्डवर आलं. साक्षीदाराला आठवत नसेल तर दुसऱ्या पुराव्यानं सही सिद्ध करता येते, कायदाच आहे तसा. त्या दिवशी तिथं अजून कोणी होतं का, तेवढं कळलं पाहिजे."

मी म्हटलं, "मी होते की."

तो माझ्याकडे बघतच राहिला. चाळीस वर्षं त्या ओसरीत जे जे झालं त्याला चहा मी दिला, पण वकिलाची बायकोही तिथे असते हे कोणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. माझ्यासुद्धा नाही. मी बसले होते दुसऱ्याला पाठ करून देत.

तो वहीपेन काढून म्हणाला, "मग आपण जरा बसू, काय विचारतील ते—"

"काही बसायचं नाही," मी म्हटलं. "मला एक अक्षरही शिकवायचं नाही."

माझी तारीख लागेपर्यंत पाच-सहा महिने गेले. तेवढ्यात यांचं खूप उतरलं. मुलीला ओळखायचे, मग तिला आपली बहीण समजायचे. मला कधी ओळखायचे, कधी अहो-जाहो करायचे. एकटं ठेवता येत नव्हतं म्हणून साक्षीच्या दिवशी सोबत नेलं आणि मेसवालीजवळ मागच्या बाकावर बसवलं. मी सकाळी फक्त पाणी प्यायले.

पुतण्याच्या वकिलानं आधी हरकत घेतली की या बाई नवऱ्याची साक्ष ऐकत उभ्या होत्या, यांनीच त्याला पढवलं, यांची साक्ष काय घ्यायची? मॅडम म्हणाल्या, ते उलटतपासणीत विचारा. मग ज्युनिअरनं विचारलं आणि मी सांगितलं. तारीख आठवत नाही. वार आठवत नाही. मी वह्या तपासत ओसरीतच बसले होते, घरात दुसरी उजेडाची जागा नव्हती. म्हातारा सायकलरिक्षानं आला. यांनी मजकूर इतक्या मोठ्यानं वाचला की शेजारीण खिडकीत आली. सही करताना म्हाताऱ्याचं पेन चालेना. दोनदा झटकलं, तरी चालेना. मी माझं पेन दिलं. त्यानं सही केली, मग यांनी केली, मग कारकुनानं.

उलटतपासणीला तो वकील उठला. पहिलाच प्रश्न, "तुम्ही तुमच्या नवऱ्याला खोटी साक्ष शिकवली, हे खरं आहे का?"

मला माहीत होतं काय बोलता आलं असतं. शिकवलं नाही, फक्त वाचून दाखवलं. आजारी माणूस, गोंधळ झाला. कोणी मला दोषही दिला नसता. मी मागे पाहिलं. हे बाकावर ताठ बसून ऐकत होते, पूर्वी दुसऱ्याच्या केसमध्ये बसून ऐकायचे तसे.

"शिकवलं, हे खरं आहे," मी म्हटलं. "आठ दिवस शिकवलं. जे शिकवलं ते खोटं नव्हतं, पण ते त्यांचं नव्हतं, माझं होतं. चूक केली."

"मग आज तुम्हाला कोणी शिकवून पाठवलं?"

"माझ्या घरात शिकवू शकेल असा वकील एकच होता. तो कोणाला शिकवत नसे."

त्यानं पानं उलटली. "पेन दिलं म्हणता. कोणतं पेन?"

"वह्या तपासायचं. लाल."

मॅडमनी समोरचा अस्सल कागद उचलला, जवळ धरून पाहिला. मग पुतण्याच्या वकिलाकडे पाहिलं. मी झेरॉक्सवरून शिकवलं होतं, आणि झेरॉक्समध्ये लाल काय नि काळं काय, सगळं सारखंच. अस्सल कागद मी त्या दिवसानंतर हातात धरला नव्हता. त्यावर म्हाताऱ्याची सही लाल होती. माझ्या आठ दिवसांच्या धड्यात हे पेन नव्हतंच. मुख्य मुद्दा वाटला नव्हता ना मला.

निकालाचं इथेच सांगून टाकते, म्हणजे जीव टांगणीला राहणार नाही. दावा खारीज झाला. मेसवाली आजही त्याच दोन खोल्यांत राहते, चूल जाऊन गॅस आला आहे, आणि जवसाची चटणी अजून आणून देते. निकालपत्रात माझ्याबद्दल चार ओळी आहेत म्हणतात. मी वाचल्या नाहीत. निकाल लागला तेव्हा यांना जाऊन सव्वा महिना झाला होता. वकील मंडळींनी कोर्टात शोकसभा घेतली, चांगलं बोलले सगळे. कोणाला यांचे युक्तिवाद आठवत होते, कोणाला भरीत.

पण मला सांगायचं आहे ते माझ्या साक्षीच्या दिवसाचं.

साक्ष संपली, सही केली, मी बाहेर व्हरांड्यात आले. भिंतीला टेकून उभी राहिले. ज्युनिअर यांना हाताला धरून घेऊन आला. हे माझ्यासमोर थांबले आणि मला नीट न्याहाळलं. मला वाटलं, आता काहीतरी बोलतील. ते ज्युनिअरकडे वळून हळूच म्हणाले, "या बाई पढवलेल्या नव्हत्या. आठवलं तेवढंच बोलल्या." तो म्हणाला, "हो सर."

मग यांनी विचारलं, "त्याईच्या संगं कोनी हाये काय?"

ज्युनिअरनं माझ्याकडे पाहिलं. मीच म्हटलं, "नाही, एकटीच आले."

"मग घरी चला," हे मला म्हणाले. "उपाशी असान. आमची मंडळी घरीच हाये, ते दोन घास वाढीन. मग एसटीत बसवून देईन ते तुमाले."

आम्ही घरी आलो. स्वयंपाक मी सकाळीच करून ठेवला होता, वरण, भात, पोळ्या, वांग्याची भाजी. हे ओसरीतून आत हाक मारायला गेले. एकदा मारली, दोनदा मारली. आतून कोण उत्तर देणार? परत आले, जरा ओशाळले आणि म्हणाले, "शायेत गेली वाट्टे. येईनच ते. तुमी बसा." मग स्वतःच स्वयंपाकघरात गेले. झाकणं पडल्याचे आवाज आले, मी उठले नाही. ताट घेऊन आले, भाजीवर वरण सांडलेलं, पोळी थंड, मीठ वाढायचं राहिलेलं. माझ्यासमोर ठेवलं आणि समोरच्या खुर्चीवर बसले.

"लाजू नका, बाई," म्हणाले. "पोटभर जेवा. आता साक्ष झाली."

मी जेवले.